थॉर्नमथच्या सराईतलं नाणं

देरा, दुबई
शुक्रवार, १२ नोव्हेंबर १९६५

प्रिय खतू,

सलाम आणि खूप दुवा. आधी सांगून टाकतो, मी ठणठणीत आहे, जमालही. पत्र जाडजूड दिसतंय म्हणून तू धसकली असशील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. दोन पानांहून मोठं पत्र आलं म्हणजे कुणीतरी गेलं, असंच तू धरून चालतेस. म्हणून तर ते पोस्टात टाकलं नाही. जमाल रजेवर घरी येतोय, त्याच्याजवळ दिलं आणि आत्याच्याच हातात द्यायचं अशी ताकीद दिली. आता एक कर. दार लोटून घे, चष्मा लाव आणि स्वतः वाच, कुणाकडून वाचून घेऊ नकोस. बावांनी आपल्या दोघांना उर्दू शाळेऐवजी मराठी शाळेत घातलं तेव्हा सगळी वाडी हसली होती. ती चौथीपर्यंतची शाळा आज कामाला येणार आहे.

तुझ्या प्रत्येक पत्राची शेवटची ओळ एकच असते. आंब्याला मोहोर किती आला, अजराची पोरं किती वांड झालीत, तुझ्या हमीदाभाभीची माझ्याबद्दलची गाऱ्हाणी, सगळं लिहून झालं की खाली कोपऱ्यात तू विचारतेस, त्यांची काही खबर? मला इथे येऊन नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं मी नवं जहाज आलं की खाडीवर जाऊन खलाशांना विचारतो, बेचाळीस साली बुडालेल्या त्या बोटीवरचा कुणी भेटला का, वली मुकादम नावाचा कुणी कुठल्या बंदरात दिसला का. इथले लोक आता मला बघितलं की हसतात आणि म्हणतात, हबीबी, खलास, तेवीस साल हो गये. पण तू थांबली नाहीस म्हणून मलाही थांबता येईना. दर ईदला तू नवऱ्याच्या मापाचा एक सदरा शिवतेस, वर्षभर पेटीत ठेवतेस आणि पुढच्या ईदला कुणा गरिबाच्या अंगावर घालून नवा शिवायला घेतेस. तुला बेवा म्हणावं की न म्हणावं, हे गावाला अजून कळलेलं नाही.

तर खतू, खबर आहे. वली परत येणार नाही. हे आधीच लिहितो, कारण तुला आशेला लावून गोष्ट सांगायचं पाप आता माझ्या अंगावर नको. रडून घे, मी थांबतो. पण मग पुढे वाच, कारण जे कळलंय ते तुला वाटत होतं तसं नाही, मला वाटत होतं तसंही नाही. कळल्यापासून मी पोटभर जेवतोय. माझ्या छातीवरचा धोंडा उतरलाय आणि तुझाही उतरेल अशी मला खात्री आहे. फक्त लहानपणी गोष्ट ऐकताना शेवटाला उडी मारायचीस तशी मारू नकोस. शेवटी मला काहीतरी कबूल करायचंय आणि तिथे मला क्रमाक्रमानेच पोचता येईल.

माझे साहेब, फेनविक, तुला ऐकून ठाऊक आहेत. खाडीच्या धक्क्याचं बांधकाम बघतात. मी त्यांचा टायपिस्ट. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी खुर्चीत बसून टकटक करतो आणि वर गारेगार यंत्र लावलेलं असतं. बावांनी बघितलं असतं तर म्हणाले असते, युसुफ, तू काम करतोस की आजारी आहेस? उन्हाळ्यात इथे दुपारी एक ते चार सगळं बंद असतं, कुत्रंसुद्धा रस्त्यावर येत नाही. त्या तीन तासांत साहेबांनी आपलं एक खासगी काम काढलं. इंग्लंडात थॉर्नमथ नावाच्या समुद्राकाठच्या गावात त्यांच्या घराण्याची सराई आहे. ‘द स्वान अँड लॅन्टर्न’, म्हणजे हंस आणि कंदील. हंसाचा कंदिलाशी काय संबंध, हे पाचशे वर्षांत कुणालाच कळलेलं नाही, साहेबांनाही नाही. त्यांची आई एक्क्याऐंशी वर्षांची आहे, तिला आता झेपत नाही, म्हणून येत्या वसंतात सराई विकायची आहे. विकली जाण्याआधी तिचा इतिहास लिहून ठेवावा, असं साहेबांच्या मनात आलं. ते सांगणार आणि मी टाइप करणार, असं ठरलं.

सुरुवातीला मला ते काम जिवावर आलं. सराई म्हणजे आपल्या मुसाफिरखान्यासारखी, वर उतारूंना झोपायला खोल्या. पण खाली दारूचा गुत्ता. एका पानावर बारा-बारा वेळा बियर हा शब्द टाइप करावा लागायचा. शेवटी न राहवून मशिदीतल्या मौलवीसाहेबांना विचारलं, की हे पाप आहे का. ते हसले आणि म्हणाले, लिहिणाऱ्याला चढत नाही, बेफिकीर राहा. मग मला गोडी लागली. त्या सराईच्या भिंती दोन हात जाड आहेत. लोकरीचे व्यापारी गाठोडी घेऊन यायचे, तेव्हा बांधलेली. पुढे तिथे घोड्यांच्या गाड्या थांबायला लागल्या, चोवीस घोड्यांचा तबेला झाला. माडीवरच्या दिवाणखान्यात दर मंगळवारी कोर्ट भरायचं. चोराला वर शिक्षा व्हायची आणि त्याचे साक्षीदार खाली पीत बसलेले असायचे. एका खोलीत एक राजा एक रात्र झोपला म्हणे. साहेब म्हणाले, हे टाइप कर पण विश्वास ठेवू नकोस, इंग्लंडातली प्रत्येक सराई आपल्याकडे राजा झोपला असं सांगते; खरं धरलं तर त्या राजाने झोपण्याशिवाय काहीच केलं नाही. मग टेकडीच्या पलीकडून रेल्वे गेली, गाड्या थांबल्या आणि अंगणात गवत उगवलं. दाभोळला बोट लागायची बंद झाली तर काय होईल, ते डोळ्यांपुढे आलं आणि त्या परक्या सराईबद्दल मला वाईट वाटलं.

साहेबांची लिहायची तऱ्हा वेगळी. सनावळीने नाही, एकेका वस्तूने इतिहास सांगायचा. एक प्रकरण दाराच्या कडीचं, एक आगीत जळलेल्या तुळईचं, एक घंटेचं. शेवटून दुसरं प्रकरण नाण्याचं होतं. स्वयंपाकघराच्या चुलाण्यावर जी आडवी तुळई आहे, तिला एक परदेशी नाणं ठोकलेलं आहे आणि येणारा-जाणारा त्याबद्दल विचारतो, एवढंच त्यांनी मला सांगितलं होतं. ऑगस्टच्या अखेरीला साहेबांना फुजैराला बंदराच्या पाहणीला जायचं झालं. तिकडे रस्ता नाही, डोंगरातल्या कोरड्या ओढ्यातून लँड रोव्हर न्यावी लागते, चार-पाच दिवस मोडतात. जाताना त्यांनी हाताने लिहिलेली पानं माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, मी येईपर्यंत हे संपव, युसुफ.

इथे मला मागे जायला हवं. एकेचाळीस साल आठव. लढाई पेटलेली होती, आणि आपल्या गावच्या सारंगाने मुंबईच्या जहाजावर गावातली चौदा माणसं द्यायचा शब्द दिला होता. त्यात मी होतो. निघायच्या आदल्या दिवशी मला ताप चढला. सारंगाचा शब्द जाऊ नये म्हणून वली उठला आणि माझा खलाशाचा दाखला घेऊन माझ्या नावावर गेला. त्याचा स्वतःचा दाखला नव्हताच, तो मचव्यावरचा माणूस. आपल्यात तेव्हा असं सर्रास चालायचं. भावाच्या दाखल्यावर भाऊ जायचा, मेव्हण्याच्या दाखल्यावर मेव्हणा. सगळे दाखले सारंगाच्या हातात असायचे आणि गोरा साहेब माणसं मोजायचा, चेहरे नाही. एवढं तुला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते आज सांगतो. मला ताप नव्हता. त्या आठवड्यात वरच्या वाडीतला एक जण बुडालेल्या बोटीवरून वाचून आला होता, त्याचं ऐकून माझं पाणी पाणी झालं होतं. मी काखेत कांदा धरून पडलो होतो. आणि खतू, वलीला ते कळलं होतं. तो माझ्या उशाशी बसला, पांघरुणात हात घातला, कांदा बाहेर काढला आणि हसला. मला म्हणाला, भिऊ नकोस, मी जाऊन येतो, पण हा कांदा आता कालवणात नको घालू. कुणाला म्हणून त्याने सांगितलं नाही, तुलाही नाही. माझ्या बहिणीचा नवरा माझ्या भीतीपायी गेला आणि जाताना माझी लाज राखून गेला.

पुढचं तुला पाठ आहे. अजरा तुझ्या पोटात होती. निघताना तू त्याच्या दंडाला इमाम जामीन बांधलास. चार आण्यांची पावली हिरव्या फडक्यात शिवत होतीस, अर्ध्यावर हिरवा दोरा संपला आणि तू लाल दोऱ्याने पुरं केलंस. वली तुला चिडवत होता, की माझ्या दंडावर मोहरमचं निशाण काढलंस. जानेवारीत बोट बुडाली. उन्हाळ्यात कंपनीचा कागद आला, की युसुफ इब्राहीम बुरोंडकर बेपत्ता, बहुधा मृत. आणि युसुफ इब्राहीम बुरोंडकर माळ्यावर बसून भाकरी खात होता. पोलीस आले तर दोघांनाही खडी फोडायला नेतील या भीतीने बावांनी मला पाच महिने माळ्यावरून उतरू दिलं नाही. मी आपल्याच घरात भूत झालो होतो. मेलेल्या माणसाला पुन्हा दाखला कोण देणार, म्हणून दर्या सुटला तो कायमचा. मग त्याच बोटीवरचा मुनीर वाचून परत आला आणि त्याने सांगितलं, की वलीला मी दुसऱ्या होडीत चढताना बघितलं, जिवंत होता. ती होडी कुठे गेली ते त्याला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून तू ती दुसरी होडी धरून बसलीस. आणि मी रात्रंदिवस एकच बघत आलो, की ती होडी बर्फासारख्या पाण्यात उलटलीय, आसपास कुणी नाही आणि वली माझं नाव गळ्यात बांधून खाली जातोय.

साहेब फुजैराला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नाण्याचं प्रकरण टाइप करायला घेतलं. बेचाळीसच्या जानेवारीत थॉर्नमथच्या किनाऱ्याला एक होडी लागली, असं पहिलंच वाक्य होतं. होडीत बुडालेल्या जहाजावरचे सात खलाशी होते. दवाखाना बॉम्बने जखमी झालेल्यांनी भरलेला, म्हणून सातही जणांना सराईत आणलं. सहा जण दोन दिवसांनी आगगाडीने गेले. सातवा हिंदी होता, त्याच्या छातीत थंडी भरली होती, तो राहिला. स्वयंपाकघरामागच्या खोलीत त्याला निजवलं, कारण चुलाण्याचं धुराडं त्या भिंतीतून जातं आणि ती खोली सगळ्या सराईत उबदार आहे. चौथ्या दिवशी ताप उतरला तेव्हा तो उठून बसला, दंडावरचं हिरवं फडकं सोडलं, त्याची लाल दोऱ्याची शिवण दातांनी उसवली आणि आतलं नाणं साहेबांच्या आईच्या हातात ठेवून दाराबाहेर बोट दाखवलं. खाली साहेबांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, की तो गरीब पण मानी दर्यावर्दी फुकट राहायला तयार नव्हता, खोलीचं भाडं देऊन आता आपण निघतो, असं तो सांगत होता. त्याच्या पुढच्या ओळीत सराईच्या वहीत नोंदलेलं त्याचं नाव होतं. युसुफ इब्राहीम बुरोंडकर, मुक्काम, तालुका सगळं लिहिलेलं, जिल्हा रत्नागिरी. मी ते टाइप केलं, खतू. बोटं सवयीने चालली आणि नाव कागदावर उमटल्यावर मला कळलं, की हे मी माझंच नाव लिहिलंय.

 तिसऱ्या प्रहरी असरची अजान झाली तरी मला जागचं उठवेना. तुला सांगतो, आधी मला दुःख झालंच नाही, आधी मला हसू आलं. भाडं! सफरीवर निघालेल्याच्या दंडाला आपण इमाम जामीन बांधतो, आणि तो सुखरूप पोचला की सोडून आतलं नाणं गरिबाला देतो, हे त्या गोऱ्यांना कुठून ठाऊक असणार? वली भाडं देत नव्हता. तो म्हणत होता, बाहेर कुणी गरीब असेल त्याला हे द्या, मी पोचलो. समुद्रात त्याने ते सोडलं नाही, होडीत सोडलं नाही. अंगावर कोरडे कपडे होते, भिंत गरम होती, कुणी बाई पेजेसारखं काही भरवत होती, तेव्हा सोडलं. खतू, त्याच्या मनाने तो सुखरूप पोचला होता. तेवीस वर्षं मी ज्याला बुडताना बघत होतो, तो बुडालाच नव्हता. मग मात्र मी रडलो, टाइपरायटरवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडलो, आणि सगळी बटणं एकदम दाबली जाऊन अडकून बसली.

साहेब आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, दाखल्याचं आणि कांद्याचंसुद्धा. नोकरी जाईल असं वाटलं होतं. अंगावर फुजैराची धूळ तशीच होती, त्यांनी टोपी काढली आणि माझ्यासमोर बसले. मग म्हणाले, म्हणजे इतकी वर्षं मी ज्या थडग्यावर दर नाताळात फुलं ठेवत आलो ते तुझं आहे? ते तेव्हा अठरा वर्षांचे होते. लढाईवर जाण्याआधी त्यांनी वलीला बघितलंही होतं. त्यांनी आईला पत्र लिहिलं आणि नाण्याचं प्रकरण माझ्यापुढे सरकवून म्हणाले, हे चुकलेलं आहे, यल्ला, चल, बरोबर करून टाइप कर. मी ते नव्याने लिहिलं. पाचशे वर्षांच्या त्या इतिहासात अडीच पानं तुझ्या भावाची आहेत.

सहा आठवड्यांनी म्हातारीचं पाकीट आलं. थडग्याचा फोटो आहे, तो सोबत ठेवलाय. दगडावर माझं नाव आहे, ते बघून दचकू नकोस. नाणं तिने परत देऊ केलं होतं. मी कळवलं, खैरात परत घेत नाहीत, पण आता कुणा गरिबाला देऊन टाका. ते तुळईवरून काढून तिने गावातल्या अनाथ पोरांच्या पेटीत टाकलं आणि तुळईवर त्याचा गोल डाग राहिलाय. फडकं तिने जपून ठेवलं होतं, ते मात्र मी मागून घेतलं. या पत्राच्या आत घडी करून ठेवलंय, तुझी लाल शिवण तुला ओळखता येईल. मौलवीसाहेबांना विचारलंय, नवरा गेल्यावर बसायची इद्दत मृत्यूच्या दिवसापासून मोजतात, ती कधीच संपली. तुला आता बसायचं नाही. आपल्या शाफई पंथात गैरहजर मय्यताची नमाज होते. इथे कोकणातली आपली पन्नासेक माणसं आहेत, तुझा होकार आला की जुम्म्यानंतर वलीची जनाज्याची नमाज पढू, त्याच्या खऱ्या नावाने. दगडही साहेबांची आई बदलून देणार आहे. नाव कसं लिहायचं ते तू ठरव. अजराला फोटो तूच दाखव.

आता शेवटाला आलो. पाकिटात आणखी एक कागद होता. बेचाळीस साली म्हातारीने खलाशाच्या बापाला पत्र लिहिलं होतं, त्याची नक्कल तिने सराईच्या वहीत ठेवली होती. उत्तर कधी आलं नाही, असं तिने खाली लिहिलंय. ते पत्र पोचलं होतं, खतू. नारळी पुनव होऊन गेली होती. डाकवाल्याने राजाच्या शिक्क्याचा लिफाफा बावांच्या हातात दिला. इंग्रजी पत्ता बघून बावांना वाटलं, दाखल्याची चोरी उघडी पडली आणि हे वॉरंट आहे. इंग्रजी वाचणारे एक हेडमास्तर, आणि त्यांना दाखवलं तर सगळंच फुटणार. मी माळ्यावरून खाली आलो आणि मीच म्हणालो, जाळून टाका. चूल तूच पेटवलेली होतीस, पेज शिजत होती. तू अंगणातून विचारलंस, काय जळतंय, आणि बावा म्हणाले, जुना कागद आहे. मरताना त्यांनी मला सांगितलं होतं, खतूला सांग. मला जमलं नाही. पुढे इंग्रजी शिकलो, टायपिंग शिकलो, आणि जे पत्र मी न वाचता जाळलं तेच गेल्या महिन्यात साहेबांच्या पुस्तकासाठी अक्षर अन् अक्षर टाइप केलं. त्यात हे आहे: तुमचा मुलगा अकरा दिवस आमच्याकडे होता. ताप पुन्हा चढला, पण त्याला हाल झाले नाहीत, पहाटे झोपेत गेला. मी आणि माझी मोलकरीण पाळीपाळीने जवळ बसलो होतो, त्याला एकटं सोडलं नाही. गावात हिंदुस्थानात नोकरी केलेला एक म्हातारा शिपाई आहे, त्याने सांगितलं तसं आम्ही त्याला आंघोळ घातली, मेजवानीचा सर्वांत मोठा पांढरा टेबलक्लॉथ गुंडाळला आणि मक्केच्या दिशेला, आग्नेयेकडे तोंड करून पुरलं; तिथून समुद्र दिसतो. तो पोटावर हात गोल फिरवायचा आणि हसायचा, तेवढ्यावरून आम्हाला कळलं, की घरी मूल होणार आहे. त्याच्या बायकोला सांगा, तो सुखात होता. एवढंच पत्र आहे, खतू. लिफाफ्यावर बावांचं नाव होतं, पण ते तुझं होतं. चार दिवसांच्या रडण्यात संपलं असतं ते मी तेवीस वर्षं लांबवलं. म्हणून आज हे लिहायला बसलो. तुझं पत्र तुला पोचवायचं होतं. मला माफ कर असं लिहायची माझी हिंमत नाही. चार शिव्या लिही, नाहीतर नुसती आंब्याची हकीकत लिही. फक्त खालच्या कोपऱ्यातली ती ओळ आता लिहू नकोस.

तुझाच,
दगडावर मेलेला आणि आज सुटलेला भाई,
युसुफ